शून्य दाखविणारी तार

येरमाळा हें धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यांतील गांव बालाघाटाच्या डोंगररांगेंत वसलेलें असून, येडेश्वरी देवीच्या टेकडीमुळें तें सर्वांस परिचित आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस जे येथें येतात ते टेकडी चढतात, देवीचें दर्शन घेतात आणि परत जातात. टेकडीच्या पलीकडे पसरलेल्या शिवारांत शेतकरी पाण्यासाठीं आणि विजेसाठीं वर्षभर कसा झटत असतो, हें मात्र त्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. गेल्या रब्बीच्या हंगामांत एका स्नेह्यांच्या निमंत्रणावरून आम्ही या शिवारांत दोन दिवस राहिलों. त्या वेळीं विजेच्या तारांसंबंधीं जी एक विचित्र गोष्ट पहावयास मिळाली, तिचा उलगडा करून सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. गोष्ट लहान आहे. पण ती न समजल्यास माणसाचा प्राण जाऊं शकतो, म्हणून ती आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें मांडीत आहों.

आमच्या स्नेह्यांच्या विहिरीवर पांच अश्वशक्तीची, तीन फेजवर चालणारी मोटार आहे. त्यांच्या व आसपासच्या मिळून सहा विहिरींस वीज पुरविणारें रोहित्र, ज्यास आपल्याकडे सर्वजण ‘डीपी’ म्हणतात, तें बांधापलीकडे दोन खांबांवर उभें आहे. आम्ही पोहोंचलों त्या सकाळीं त्यांचे धाकटे बंधु स्टार्टरची पेटी उघडून, हातांत पक्कड घेऊन बसले होते. आम्हांस पाहतांच ते म्हणाले, “गुरुजी, बरं झालं आलात. ह्या निळ्या तारंत लाईटच न्हाई. टेस्टर लावला तर लागत न्हाई. पर मोटार बघा, धडाक्यात पाणी फेकतीय. मेलेली तार हाय, काढून नवी जोडतो.”

आम्हीं त्यांस हात मागें घेण्यास सांगितलें आणि एका अनुभवी, परवानाधारक वायरमनांस बोलावणें पाठविलें. ते येईपर्यंत आणखी एक हकीगत कानीं आली. शेजारच्या एका खोपींत न्यूट्रलची तार नेलेलीच नव्हती. तेथें लाल फेज आणि जमिनींत ठोकलेला लोखंडी गज यांवर शंभर वॅटचा दिवा चालवीत असत. ही रीत नियमबाह्य व घातक आहे. तथापि शिवारांत ती आढळते. या खोपींतील दिवा एका आठवड्यांत तीन वेळां जळाला होता व चौथा नुकताच लावला होता. एका तारेंत वीज नाहीं. दुसऱ्या तारेंत इतकी वीज कीं दिवा टिकत नाहीं. आणि मोटार मात्र बिनतक्रार चालू! हीं तीन चिन्हें परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः तीं एकाच कारणाचीं तीन फळें होतीं.

वायरमन आले. त्यांनीं आपला मीटर काढून एकेक माप घेतलें व आम्हीं तें वहींत टिपलें. प्रथम तारांतारांमधील दाब पाहिला. लाल आणि पिवळी यांमध्यें ४०२ व्होल्ट, पिवळी आणि निळी यांमध्यें ४००, निळी आणि लाल यांमध्यें ३९८. यांत दोष काढण्यासारखें कांहींच नव्हतें. नंतर न्यूट्रलपासून प्रत्येक तारेचा दाब पाहिला. तो अनुक्रमें २३१, २३२ आणि २३० भरला. हेंही यथायोग्यच होतें. शेवटीं ओल्या मातींत एक लोखंडी सळई ठोकून, जमिनीपासून प्रत्येक तारेचा दाब मोजला. लाल ३९६, पिवळी ३९९, निळी अवघा ३, आणि ज्या न्यूट्रलपाशीं शून्य असावयास पाहिजे तेथें २२९! पहिलीं सहा मापें निर्दोष, आणि शेवटचीं चारही मापें चुकीचीं. हें कसें घडलें?

उत्तर शोधण्यापूर्वीं विजेचा दाब, ज्यास आपण व्होल्टेज म्हणतों, तो म्हणजे काय याचा क्षणभर विचार केला पाहिजे. येडेश्वरीचें देवालय किती उंचावर आहे, असें कोणी विचारल्यास आपण उलट विचारूं, “कोठून मोजावयाचें?” पायऱ्यांच्या तळापासून एक उत्तर येईल, पलीकडच्या एखाद्या विहिरीच्या तळापासून दुसरें येईल आणि समुद्रसपाटीपासून तिसरें. देवालय आपल्या जागीं जसेंच्या तसें आहे; मोजण्याचा आरंभ बदलला म्हणजे आंकडा बदलतो. विजेच्या दाबाचेंही असेंच आहे. एकट्या तारेस दाब नसतो. दाब हा नेहमीं दोन ठिकाणांमधील फरक असतो, आणि म्हणूनच मीटरला दोन टोकें असतात. टेस्टरलाही दोन टोकें असतात. एक तारेस लागतें, आणि दुसरें आपल्या बोटावाटे, शरीरावाटे व पायांखालच्या मातीवाटे पृथ्वीस पोहोंचतें. टेस्टर पेटला म्हणजे ती तार आणि जमीन यांमध्यें दाब आहे, एवढें कळतें. तो पेटला नाहीं म्हणजे त्या दोहोंमध्यें त्या क्षणीं पुरेसा दाब नाहीं, एवढेंच कळतें. त्या तारेंत वीज नाहीं, असें टेस्टर कधींच सांगत नाहीं. तें आपण आपल्या पदरचें जोडतों.

आतां तीन फेजच्या विजेकडे वळूं. १८८८ सालीं इटलींतील फेरारिस आणि अमेरिकेंतील टेस्ला यांनीं फिरत्या चुंबकीय क्षेत्राचें तत्त्व स्वतंत्रपणें प्रसिद्ध केलें. पुढें १८९१ सालीं जर्मनींत लाउफेन येथें निर्माण केलेली तीन फेजची वीज १७५ किलोमीटर अंतरावरील फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत नेऊन दाखविण्यांत आली. आपल्या प्रांतीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रांतून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. तेव्हांपासून आजपर्यंत मोठ्या मोटारी फिरविण्याचें काम हीच पद्धति करीत आहे. हींत तीन तारा असतात. प्रत्येक तारेचा दाब दर सेकंदास ५० वेळां चढउतार करितो. परंतु तिन्ही तारा एकाच वेळीं चढत नाहींत. पहिलीच्या मागून एक तृतीयांश फेऱ्याच्या अंतरानें दुसरी, आणि दुसरीच्या मागून तितक्याच अंतरानें तिसरी, अशा त्या एकीमागून एक येतात.

ही रचना डोळ्यांपुढें आणण्यास पुठ्ठ्याचा एक समभुज त्रिकोण पुरे आहे. त्याची प्रत्येक बाजू ४० सेंटिमीटर घ्यावी आणि एक सेंटिमीटर म्हणजे १० व्होल्ट असें समजावें. तीन कोपऱ्यांस लाल, पिवळा व निळा असे रंग द्यावेत. प्रत्येक बाजू म्हणजे दोन तारांमधील ४०० व्होल्ट. त्रिकोणाचा मध्य काढून तेथें ‘न्यूट्रल’ असें लिहावें. भूमितीच्या नियमानें मध्यापासून कोणताही कोपरा ४० भागिले १.७३२, म्हणजे सुमारें २३.१ सेंटिमीटर अंतरावर येतो. घरांतील दिव्यास जे २३० व्होल्ट मिळतात ते हेच. एका तारेपासून न्यूट्रलपर्यंत २३० आणि तारेपासून तारेपर्यंत ४००, असे दोन आंकडे एकाच पुरवठ्यांत कां येतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस यावरून कळेल.

आतां एक टाचणी घेऊन हा त्रिकोण फळ्यावर टोंचावा. ही टाचणी म्हणजे पृथ्वी. त्रिकोण कोणत्या बिंदूपाशीं टोंचला आहे, यावर जमिनीपासूनचें प्रत्येक माप अवलंबून राहील. टाचणी मध्यावर असेल, तर तिन्ही कोपरे टाचणीपासून सारख्याच, म्हणजे २३ सेंटिमीटर अंतरावर राहतात आणि न्यूट्रलचें अंतर शून्य होतें. आतां टाचणी मध्यावरून काढून निळ्या कोपऱ्यावर टोंचून पहा. निळ्याचें अंतर शून्य झालें. लाल आणि पिवळा प्रत्येकीं ४० वर गेले. आणि मध्य २३ वर गेला. आमच्या वहींतील शेवटचीं चार मापें पुन्हां वाचावीं: निळी ३, लाल ३९६, पिवळी ३९९, न्यूट्रल २२९. त्या शिवारांत पृथ्वीची टाचणी मध्यावरून निघून निळ्या कोपऱ्यावर जाऊन बसली होती.

यामुळें तिन्ही चिन्हांचा उलगडा होतो. निळी तार आणि जमीन एकरूप झाल्या होत्या, म्हणून टेस्टर पेटत नव्हता. खोपींतील दिवा लाल तार व जमीन यांमध्यें असल्यानें त्यास २३० ऐवजीं ४०० व्होल्ट सोसावे लागत होते, म्हणून तो जळत होता. आणि मोटारीस टाचणीचें कांहींच ठाऊक नसतें. ती तीन कोपऱ्यांस जोडलेली असते. तिला केवळ त्रिकोणाच्या बाजू कळतात. बाजू जशाच्या तशा होत्या, म्हणून मोटार सुरळीत फिरत होती.

त्रिकोणाचा एक कोपरा जमिनीस जोडणें हें मुळांतच चूक आहे, असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंतील कित्येक जुन्या कारखान्यांत २४० अथवा ४८० व्होल्टांच्या डेल्टा, म्हणजे त्रिकोणी जोडणीचा एक कोपरा जाणूनबुजून जमिनीस जोडलेला असतो. स्वित्झर्लंडमध्यें गोर्नरग्राट पर्वतावर चढणारी विजेची आगगाडी १८९८ सालीं सुरू झाली. तिला वरून दोनच तारा आहेत, आणि तिसऱ्या फेजचें काम खालचे रूळ करितात. तेथें टाचणी कोपऱ्यावर आहे हें सर्वांस आधींपासून माहीत असतें. जमिनीस जोडलेली तार निराळ्या खुणेनें ओळखूं येते. तिच्यांत एकटा फ्यूज घालीत नाहींत, कारण तो उडाला तर बाकीच्या तारा जिवंत राहून ही तेवढी सुटेल. आणि उरलेल्या दोन तारांचें वेष्टन जमिनीपासून पूर्ण दाब सोसेल असेंच निवडतात. अशा ठिकाणीं एक तार शून्य आणि दोन पूर्ण, हें वाचन निरोगीपणाचें लक्षण होय.

आपल्याकडील रचना याहून भिन्न आहे. गांवापर्यंत ११००० व्होल्टांच्या तीन तारा येतात. रोहित्राची पहिली बाजू त्रिकोणी जोडणीची असते. दुसरी बाजू तारकाकृति असून तींतून कांहीं भार नसतां ४३३ व्होल्ट बाहेर पडतात व भार आल्यावर ते ४०० च्या आसपास येतात. या दुसऱ्या बाजूचा मध्य हाच न्यूट्रल, आणि तो रोहित्रापाशींच जमिनीस जोडलेला असतो. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांत ही जोडणी किमान दोन स्वतंत्र ठिकाणीं असावी अशी अट होती. २०१० सालच्या सुरक्षा विनियमांतही ती कायम ठेवण्यांत आली. म्हणजे आपल्या येथें टाचणी मध्यावरच असली पाहिजे. तीच कोपऱ्यावर दिसली, तर तें दोषाचें लक्षण समजावें. आणि तो दोष एक नसून दोन असतात.

पहिला दोष असा कीं, कोठें तरी एका फेजची तार जमिनीस लागलेली असते. केबलचें वेष्टन घासलें जातें, स्टार्टरमध्यें पाणी शिरतें, किंवा तार ओल्या कुंपणास टेंकते. हा एकच दोष असता आणि न्यूट्रलचें अर्थिंग उत्तम असतें, तर जमिनीवाटे मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडाला असता आणि दोष तात्काळ उघडकीस आला असता. पण दुसरा दोष पहिल्यास लपवितो. तो म्हणजे न्यूट्रलचें अर्थिंगच निकामी होणें. अर्थिंगची पट्टी गंजून तुटते, कधीं चोरीस जाते. किंवा आपल्या अवर्षणप्रवण भागांत उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा इतका वाळतो कीं तेथील माती विजेस वाटच देत नाहीं. समजा, जमिनीवाटे जाणाऱ्या संपूर्ण वाटेचा रोध १० ओहम आहे. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर प्रवाह वाहील. रोहित्रावरील ६० किंवा १०० अँपिअरच्या फ्यूजला एवढ्यानें ऊबही येणार नाहीं.

कधीं कधीं टाचणी वाटेंतच थांबते. न्यूट्रलचें अर्थिंग आणि दोषाची जागा या दोहोंचा रोध सारखाच असेल, तर ती मध्य व कोपरा यांच्या बरोबर मधोमध येते. मग दोषी तार जमिनीपासून ११५ व्होल्ट, न्यूट्रलही ११५, आणि उरलेल्या दोन तारा सुमारें ३०४ व्होल्ट दाखवितात. असे आंकडे पाहून मीटर बिघडला असें पुष्कळांस वाटतें. पुठ्ठ्याच्या त्रिकोणावर टाचणी त्या जागीं टोंचून पट्टीनें मोजल्यास मीटर खरें बोलत होता, हें कोणासही पडताळून पाहतां येईल.

या अवस्थेंत धोका तीन प्रकारचा असतो. एक, लाल किंवा पिवळ्या तारेस हात लागल्यास २३० ऐवजीं ४०० व्होल्टांचा धक्का बसतो. दुसरा, ज्या न्यूट्रलला लोक निर्धोक मानतात त्यावर जमिनीपासून २३० व्होल्ट आलेले असतात. त्या डीपीवरील एखाद्या घरांत अर्थिंगच्या जागीं न्यूट्रलच एखाद्या उपकरणाच्या पत्र्यास जोडला असेल, तर तो सबंध पत्रा जिवंत होतो. आणि दिवे मात्र नेहमींच्या तेजानें जळत असल्यामुळें कोणास संशयही येत नाहीं.

तिसरा धोका सर्वांत फसवा आहे, आणि आमच्या स्नेह्यांचे बंधु त्याच्याच तोंडीं होते. निळ्या तारेचा जमिनीशीं संबंध त्यांच्या विहिरीवर जडलेला नव्हता. तो, मागाहून समजल्याप्रमाणें, चौथ्या विहिरीवरील मोटारीच्या केबलमधून जडला होता. ती मोटार चालू होती तोंवरच टाचणी निळ्या कोपऱ्यावर होती. चौथ्या विहिरीवरील शेतकऱ्यानें स्टार्टरचें बटण दाबून मोटार बंद केली असती, तर त्याच क्षणीं तो संबंध सुटला असता. मग पृथ्वीशीं उरलेली वाट कोणती? खोपींतील दिव्याची, जो लाल तारेवरून जमिनींत उतरलेला होता. टाचणी लाल कोपऱ्याकडे सरकली असती, आणि पकडींत धरलेली ‘मेलेली’ निळी तार एकाएकीं जमिनीपासून जवळजवळ ४०० व्होल्टांवर गेली असती. त्यांचा हात तिच्यावर, अनवाणी पाय ओल्या मातींत, आणि बटण दाबणारा मनुष्य दोन शेतें पलीकडे. यापुढें वर्णन करण्याचें कारण नाहीं.

हा दोष वायरमननीं कसा शोधून काढला, हें सांगण्यासारखें आहे. त्यांनीं प्रथम खोपीवरील ती बेकायदेशीर जोडणी काढविली. नंतर आमच्या स्नेह्यांच्या पेटीपाशीं मीटरचें एक टोंक निळ्या तारेस व दुसरें ओल्या मातींतील सळईस लावून ते बसले आणि एकेका विहिरीवरील मोटार क्रमानें बंद करविली. पहिल्या तीन विहिरींच्या वेळीं कांटा हलला नाहीं, म्हणजे मीटरवरचा ३ हा आंकडा तसाच राहिला. चौथी मोटार बंद होतांच तो एकदम वर चढला. पहिला दोष सांपडला. पण त्यानंतर निळी, लाल व पिवळी यांचीं जमिनीपासूनचीं मापें सारखीं २३० व्हावीं, तीं झालीं नाहींत. आंकडे एकसारखे भरकटत राहिले. टाचणी कोपऱ्यावरून निघाली होती, परंतु मध्यावर ती बसलीच नव्हती. त्रिकोण अधांतरीं तरंगत होता. यावरून न्यूट्रलचें अर्थिंग नाहींसें झालें आहे, हें रोहित्राजवळ न जातांच सिद्ध झालें. पुढें अधिकृत कर्मचाऱ्यांनीं वीज बंद करून तपासलें, तेव्हां अर्थिंगची एक पट्टी जमिनीलगत गंजून तुटलेली आढळली आणि दुसरी जागेवरच नव्हती.

शून्य दाखविणाऱ्या प्रत्येक तारेचें कारण हेंच असेल, असें मात्र नाहीं. रोहित्राच्या खालच्या बाजूचा एक फ्यूज उडाला तरी एक तार निकामी होते. परंतु तेव्हां त्या तारेचें न्यूट्रलपासूनचें आणि इतर दोन तारांपासूनचेंही माप बिघडतें. हें पाहतांना मोटार बंद असावी, कारण चालू मोटारीची गुंडाळी तुटलेल्या तारेंत आपल्याकडून खोटा दाब भरिते. शिवाय आजचे आंकडी मीटर इतके संवेदनशील असतात कीं, लोंबकळणाऱ्या तारेवरही ते कांहीं तरी आंकडा दाखवितात. म्हणून जाणते वायरमन दोन सारखे दिवे एकापुढें एक जोडून खात्री करून घेतात. खोट्या दाबावर दिवा पेटत नाहीं. ११००० व्होल्टांच्या बाजूचा एक फ्यूज, ज्यास लोक ‘डीओ’ म्हणतात, तो पडला तर चित्र आणखी निराळें होतें. रोहित्राच्या त्रिकोणी बाजूच्या तीन गुंडाळ्यांपैकीं एकीस पूर्ण दाब मिळतो आणि उरलेल्या दोघी एकापुढें एक येऊन प्रत्येकीस निम्मा मिळतो. मग न्यूट्रलपासून एक तार २३०, दुसरी ११५ आणि तिसरीही ११५. तारांतारांमध्यें ३४५, ३४५ आणि शून्य.

यावरून मापें कोणत्या क्रमानें घ्यावीं, हें सहज ध्यानांत येईल. आधीं तारांतारांमधील तीन, मग न्यूट्रलपासूनचीं तीन, आणि शेवटीं जमिनीपासूनचीं चार. अशीं एकंदर दहा मापें. पहिल्या सहांत बिघाड असेल तर त्रिकोणच मोडला आहे. फ्यूज, डीओ किंवा तुटलेली तार शोधावी. पहिलीं सहा निर्दोष आणि शेवटचीं चार चुकीचीं असतील तर त्रिकोण शाबूत असून टाचणी सरकली आहे. जमिनीस लागलेली तार आणि हरवलेलें अर्थिंग, हीं दोन्ही शोधावीं. जमिनीपासूनचें माप घेण्यास स्टार्टरच्या पेटीचा पत्रा उपयोगाचा नाहीं, कारण त्या पत्र्याचाच भरंवसा नसतो. पेटीपासून दूर, ओल्या मातींत स्वतंत्र सळई ठोकावी. मीटर आधीं एखाद्या खात्रीच्या पुरवठ्यावर पाहून घ्यावा आणि काम संपल्यावर पुन्हां पहावा. आणि एका मापावर, विशेषतः एकट्या टेस्टरवर, कधींही निर्णय करूं नये.

आमच्या विद्यार्थिमित्रांस येथें एक गोष्ट आग्रहानें सांगितली पाहिजे. हीं मापें घेण्याचें काम तुमचें नाहीं. तें परवानाधारक वायरमननींच करावें. तुमचें काम आंकडे वाचण्याचें व समजून घेण्याचें आहे. तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं विहीर आहे, मोटार आहे, आणि लाईट आली कीं ती आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच आहे. सुटीत घरीं जाल तेव्हां डीपीच्या कुंपणाबाहेरूनच पहा: दोन्ही खांबांवरून खालीं आलेल्या अर्थिंगच्या पट्ट्या जमिनीपर्यंत शाबूत आहेत काय? त्या तुटलेल्या दिसल्यास वडील माणसांस सांगा व वीज कार्यालयांत कळविण्यास लावा. कोणी जमिनींत गज ठोकून दिवा चालवीत असेल, तर त्यापासून शेजाऱ्याच्या जिवास काय अपाय होऊं शकतो, हें त्यांस समजावून सांगा.

आम्ही परत निघालों तेव्हां चौथ्या विहिरीची केबल बदलली होती. बोअरच्या नळाच्या तोंडाशीं घासून तिचें वेष्टन उघडें पडलें होतें. नव्या अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी ओतलें होतें. वायरमननीं पुन्हां सळई ठोकून जमिनीपासून मापें घेतलीं: लाल २३१, पिवळी २३२, निळी २३०, न्यूट्रल १. आमच्या स्नेह्यांच्या बंधूंनीं तीं दहाही मापें तारखेसह एका पुठ्ठ्यावर लिहून मोटारीच्या खोलींत टांगलीं आणि दर उन्हाळ्याच्या आरंभीं तीं पुन्हां घेवविण्याचें ठरविलें. मग निळ्या तारेकडे पाहून ते म्हणाले, “म्हंजी ही कवाच मेली नव्हती म्हणा की.” येरमाळ्याच्या त्या विहिरीवर त्या दिवशीं कोणास इजा झाली नाहीं. दुसऱ्या एखाद्या विहिरीवर, हा लेख वाचलेला एखादा विद्यार्थी योग्य वेळीं “थांबा” एवढें म्हणाला, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.